थोरल्याच्या मानानं

त्या मुलखात दिवस उगवत नसे. एक खांब होता, खांबाला टांगलेला एक दिवा होता, आणि त्या दिव्याचा उजेड जिथवर पोचे तिथवर मुलूख होता. उजेड संपला की मुलूख संपला. त्या कडेला वेस म्हणत. वेशीपलीकडे नुसता काळोख. त्याला कुणी नाव दिलं नव्हतं, कारण नाव द्यायचं तर आधी त्याच्याकडे नीट बघावं लागलं असतं.

राहणारे सगळे किडेच. भुंगेरे, पतंग, रातकिडे, मातीची घरं लिंपणाऱ्या कुंभारणी माश्या. दिव्याला ते थोरला म्हणत. थोरल्यात तेल कोण घालतं, वात कोण सारतं, हे कुणी विचारत नसे. एखाद्यानं विचारलंच तर बाकीचे म्हणत, ऊब मिळतेय ना, मग गप बस की.

ऊब मिळायची, हे खोटं नाही. पण खांबाच्या मागच्या अंगाला, जिथं थोरल्याचा उजेड पोचत नसे, तिथं एक पाल राहायची. पालच ती, पण तो शब्द तोंडातून काढायची मुलखात चाल नव्हती. तिला आक्का म्हणायचं. ती सगळ्यांची पाठ राखते म्हणून पाठराखीण म्हणायचं. फार पूर्वी आक्का कुणालाही, कधीही उचलायची. जेवताना उचलायची, झोपेत उचलायची, लग्नाच्या मांडवातून उचलायची. मग पतंगांतल्या कुणा शहाण्यानं तिच्याशी बोलणी करून पाळी लावून दिली. आता ज्याची पाळी त्याच्या पाठीवर आधी हळद लागे, मग मेळा भरे, रातकिडे वाजवायला बसत, आणि हळदीचा किडा खांबावरून काचेकडे चढून जाई. त्या वेळी बाकीच्यांनी माना खाली घालून डोळे मिटायचे. डोळे उघडेपर्यंत सगळं आटोपलेलं असे. थोरल्यानं पोटाशी घेतलं, असं म्हणून लोक घरी जेवायला जात. तेव्हापासून मुलखात फार सुख झालं असं पतंग सांगत. पतंगांच्या घरी हळद लागल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आता राहिले ठिपके. वेशीपलीकडच्या काळोखात, खूप लांब, बारीक बारीक ठिपके दिसत. मोठे तिकडे बघत नसत, पण पोरं बघायची आणि विचारायची, ते काय आहे. पोरं बिघडू नयेत म्हणून दर मेळ्याच्या आधी ठिपक्यांचं माप घ्यायची रीत पडलेली होती. थोरला म्हणजे एक. बाकी जे काय असेल ते थोरल्याच्या मानानं सांगायचं.

हे काम कोंडाजी भुंगेऱ्याकडे होतं. त्याच्या बापाकडे होतं, आज्याकडे होतं, म्हणून त्याच्याकडे. मापाचं साधन म्हणजे कांद्याचा एक पापुद्रा आणि त्याच्या मधोमध पडलेला तेलाचा डाग. पापुद्रा उभा धरायचा. एका अंगानं थोरल्याचा उजेड, दुसऱ्या अंगानं ठिपक्याचा. एक उजेड दुसऱ्याहून जोरदार असला तर डाग उठून दिसतो. दोन्ही सारखे झाले की डाग नाहीसा होतो, जसा कधी पडलाच नव्हता. साधी गोष्ट आहे. पण रीत अशी होती की मापाड्यानं मानानं बसायचं, आणि मानाची जागा म्हणजे थोरल्याच्या काचेखालची पत्र्याची कड. तिथं बसल्यावर डोळे असे दिपत की ठिपके दिसतसुद्धा नसत. कोंडाजी अंदाजानं काळोखाकडे तोंड करी, पापुद्रा धरी, डाग ढेकणासारखा काळाकुट्ट दिसे, आणि तो ओरडून सांगे, "थोरल्याच्या मानानं कस्पट." खालून सगळा मुलूख म्हणे, "कस्पट." झालं माप.

त्या साली मेळा जवळ आला तसा कोंडाजी सरावासाठी पत्र्यावर जाऊन बसला होता. बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली. तेवढ्यात वारं सुटलं. पापुद्र्यात वारं भरलं, आणि पापुद्रा सोडायची अक्कल येईपर्यंत कोंडाजी त्याच्यासकट उडाला होता. वेस त्याच्या पोटाखालून निघून गेली. पुढं किती वेळ तो गरगरत गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी कुठंतरी आपटला, आणि आपटला तो उताणा.

भुंगेऱ्याला उताणं पडण्याइतकं भयाण दुसरं काही नाही. सहाही पाय हवेत, पाठ जमिनीला चिकटलेली, आणि जो येईल त्याच्यापुढं पोट उघडं. कोंडाजी पाय झाडत राहिला. ओरडायची सोय नव्हती, कारण इथं ऐकायला कोण येईल याचीच त्याला जास्त भीती वाटली. शेवटी दमून तो निपचित पडला. उताणा पडलेल्याला वर बघण्याशिवाय गत्यंतर नसतं. तो बघत राहिला.

ठिपके होते. पण किती होते. पत्र्यावरून एखादाही धड दिसत नसे, वेशीवरून थोडे दिसत, आणि इथं काळोखाला जागाच उरली नव्हती. जन्मभर ज्यांना कस्पट म्हणत आला ते सगळे एकदम त्याच्याकडे बघताहेत असं त्याला वाटलं.

एका खड्याला पाय अडकवून तो कसाबसा सुलटा झाला. पहिली गोष्ट त्यानं केली ती म्हणजे थोरल्याला शोधलं. थोरला होता, लांब, बारीक झालेला, पण होता. कोंडाजीनं पापुद्रा पुढ्यात धरला आणि घराच्या दिशेनं निघाला. निघाला तो दोन पावलांत थांबला. पापुद्र्यावर डाग नव्हता.

तेल पुसलं गेलं असं त्याला वाटलं. बापाच्या हातचं साधन गेलं म्हणून तो ते चाचपू लागला. पापुद्रा त्यानं जरा वळवला, तर डाग दिसला. पुन्हा होता तसा धरला, तर डाग गेला. मग त्यानं मागं वळून बघितलं. पापुद्र्याच्या एका अंगाला थोरला होता, आणि दुसऱ्या अंगाला, बरोब्बर समोर, एक पांढरा ठिपका.

कोंडाजीला हे कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून तो त्या ठिपक्याच्या दिशेनं चालत गेला. म्हटलं, आणखी जवळ जाऊन बघू, काहीतरी चूक असेल. तो चालत गेला तसा थोरला बारीक होत गेला. ठिपका मात्र तिळाइतकाही वाढला नाही. आता डाग पुन्हा दिसायला लागला, पण उलट्या बाजूनं. आता ठिपकाच थोरल्यावर चढला होता.

कोंडाजी काही शिकलेला नव्हता, पण दिव्यापासून लांब गेलं की उजेड कमी मिळतो एवढं कुठल्याही किड्याला कळतं. थोरला हाकेच्या अंतरावर होता. ठिपका इतका लांब होता की एवढं चालून त्याला फरक पडला नव्हता. आणि तेवढ्या लांबून तो थोरल्याइतका उजेड पाठवत होता. मग थोरला एक, तर तो किती? आकडा त्याच्या जिभेपर्यंत आला आणि त्यानं जीभ चावली.

मग त्यानं दुसरे मापले. काही थोरल्याहून मंद निघाले. काही त्याच्या तोडीचे निघाले. काही असे निघाले की कोंडाजीनं पापुद्रा खाली ठेवला. थोरला त्या गर्दीत कुठंतरी मधेच बसत होता. ना फार मोठा, ना फार लहान.

हे कळून एखाद्याला आनंद झाला असता. कोंडाजीला झाला नाही. पायाखाली जमीन आहे म्हणून इतकी वर्षं उभं राहावं, आणि खाली बघितलं तर नुसती फांदी निघावी, तसं त्याला झालं. तो जो पळत सुटला तो थेट घरी.

घर म्हणजे खांबाच्या फुगलेल्या सालीखालची फट. दाराशीच त्याची बायको भिवरा बसली होती.

"अहो, कुठं उलथला होतात?"

"वाऱ्यानं नेलं. वेशीबाहेर पडलो होतो."

"पडलात तर पडलात. यायला एवढा वेळ? इथं अप्पा येऊन गेले."

अप्पा म्हणजे अप्पा पतंग, मुलखाचा कारभारी. करड्या पंखांचा, गोड बोलणारा. तो कुणाच्या घरी उगाच जात नसे. कोंडाजीनं आत बघितलं. त्याची मुलगी हौसा फटीच्या कोपऱ्यात पाठमोरी बसली होती, आणि तिच्या काळ्या पाठीवर हळदीचा पिवळा पट्टा ओढलेला होता.

"आबा, बघा, मला मान मिळाला," हौसा म्हणाली. तिनं हे असं म्हटलं की हसावं का रडावं ते तिचं तिलाच ठरलेलं नव्हतं.

कोंडाजी भिवराला दाराआड घेऊन बसला. मग त्यानं हलक्या आवाजात भिवराला सगळं सांगितलं. पापुद्रा, डाग, ठिपके. भिवरा ऐकत होती आणि मधून मधून दाराकडे बघत होती.

"म्हणजे तिकडंपण दिवे आहेत," ती म्हणाली.

"आहेत. थोरल्यापेक्षा थोर आहेत."

"तिकडं ऊब असेल?"

"दिवा आहे म्हटल्यावर ऊब असणारच."

भिवरानं एकदा हौसेच्या पाठीकडे बघितलं. मग म्हणाली, "हे तुम्ही आजवर पत्र्यावर बसून काय मापत होता मग?"

कोंडाजीनं पापुद्रा भिंतीला टेकवून ठेवला. तो उठला आणि अप्पाकडे गेला. त्याचा हिशेब सरळ होता. तिकडे दिवे आहेत हे एकदा मुलखाला कळलं, की कुणाला पाळीची गरज उरणार नाही. ज्याला जायचं तो जाईल. हौसेची हळद आपोआप पुसली जाईल.

अप्पा पंखांना राख चोळत बसला होता. कोंडाजीला बघून त्यानं जागा करून दिली.

"या कोंडाजीराव. पोरीचं अभिनंदन. नशीबवान आहात."

"अप्पा, या खेपेला माप वेशीबाहेरून घ्यावं म्हणतो."

"ते का?"

"पत्र्यावर डोळे दिपतात. आपल्या चुलीत तोंड घालून बसायचं आणि शेजारणीची चूल विझलीय म्हणून सांगायचं, असं चाललंय आपलं."

अप्पा हसला. "तुम्ही बोलता मजेशीर. अहो, ठिपके लुकलुकतात, हे तर शेंबडं पोरही सांगेल. ज्याच्यात जीव नाही तोच लुकलुकतो. आपला थोरला कधी लुकलुकलेला बघितलात? जन्मात?"

"नाही."

"मग?"

"पण मी मापून आलोय, अप्पा. वेशीबाहेर जाऊन."

अप्पाचं हसू तसंच राहिलं, पण त्याचे पंख मिटले. त्यानं खांबाच्या मागच्या अंगाकडे एकदा बघितलं. "हे तुम्ही माझ्याकडे बोललात ते बरं केलंत," तो म्हणाला. "आता आक्कांच्या कानावर घालायला पाहिजे. चला. आत्ताच चला."

खांबाच्या मागं जायला फार चालावं लागत नाही. एवढंसं वळण. पण त्या वळणानंतर ऊब तुटते. कोंडाजीचे पाय गार पडले. आधी त्याला काही दिसलं नाही. मग खांबाचाच एक भाग सावकाश श्वास घेतोय हे त्याच्या ध्यानात आलं. अप्पा वळणापाशीच थांबला होता.

"बसा कोंडाजी," आक्का म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "भिवरा बरी आहे ना? दम्याचा त्रास होता तिला."

"बरी आहे आक्का."

"ठिपके मापलेत म्हणे."

"चुकून झालं. वाऱ्यानं नेलं."

"घाबरू नका हो. मी रागावलेय का?"

ती रागावलेली नव्हती. कोंडाजीला त्याचीच जास्त भीती वाटली. आक्का खांबावरून जरा सरकली आणि तिच्या पोटावर कडेनं थोडा उजेड पडला. पालीच्या पोटाची कातडी पातळ असते. आत काहीतरी दुमडलेलं दिसत होतं. पंख असावेत. एक पाय तर स्पष्ट दिसत होता. कोंडाजीनं नजर खाली घातली.

"मला सांगा," आक्का म्हणाली, "काय आहेत ते?"

"दिवे आहेत आक्का. थोरल्यासारखे."

"थोरल्याहून मोठे?"

"काही काही."

"असतील." एवढंच म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "जा की मग. तुम्हाला कुणी धरून ठेवलंय? वेशीला कुंपण घातलंय का मी?" आणि ती हसली. ते हसणं चुकचुक असं यायचं, अंगावर पाण्याचे थेंब पडल्यासारखं.

कोंडाजीला वाटलं होतं ती दमदाटी करेल, नाही म्हणेल, लाथाडेल. जा म्हणेल असं वाटलं नव्हतं.

"पण मेळ्यात असं काही बोलू नका," ती पुढं म्हणाली. "लोक उगाच गोंधळतात. पळापळ होते. पळापळ झाली की मला जुन्या पद्धतीनं वागावं लागेल, कुणालाही, कधीही. ते कुणाला पाहिजे? तुम्ही आपलं नेहमीचं माप सांगा. मी हौसेची हळद पुसायला सांगते."

"पुसता येते?"

"मी म्हटलं तर येते. ती हळद कुंभारणीच्या ठकीला लावू."

"ठकीला कशाला?"

"कुणाला तरी लागणारच ना हो. का तुम्ही येता?"

कोंडाजी मागं सरत वळणापाशी उजेडात आला. तेव्हा आक्का खांबावरून वळसा घालून पुढं आली. घाई केली नाही, एकेक पाय चिकटवत आली, आणि थोरल्याच्या काचेवरून आडवी गेली. कोंडाजीवरचा, खांबावरचा, खालच्या अर्ध्या मुलखावरचा उजेड गेला. एक पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. ती दुसऱ्या अंगाला गेली आणि सगळं पूर्वीसारखं लख्ख झालं.

"बघितलंत?" ती म्हणाली. "एवढंच असतं. लोक उगाच बाऊ करतात."

मेळा भरला. कोंडाजी पत्र्यावर चढला. खाली सगळा मुलूख जमला होता, पोरं आयांच्या पाठीवर बसून काळोखाकडे बघत होती. त्यानं पापुद्रा धरला. डाग काळाकुट्ट. इथून बघितलं तर माप खरंच होतं, आणि याच गोष्टीचा त्याला सगळ्यात जास्त राग आला. त्यानं हौसेकडे बघितलं. अप्पाच्या गड्यानं तिच्या पाठीवरचा पट्टा ओल्या पानानं नुकताच पुसला होता. मग तोच हात साळू कुंभारणीच्या मुलीकडे गेला. ठकी हौसेच्याच वयाची. ती अंग आकसून उभी राहिली आणि हळद लावून घेतली.

"थोरल्याच्या मानानं कस्पट," कोंडाजी म्हणाला.

"कस्पट," सगळा मुलूख म्हणाला. रातकिडे वाजवायला बसले.

खाली उतरताना अप्पानं त्याला बाजूला घेतलं. "छान झालं. आक्का खूश आहेत. हौसेचं पुढल्या मेळ्याला बघू."

"पुढल्या मेळ्याला?"

"पुसली म्हणजे कायमची पुसली, असं थोडंच असतं कोंडाजीराव." अप्पा गर्दीत शिरला.

कोंडाजीनं मग वेळ घालवला नाही. सगळे खांबाकडे तोंड करून बसले होते, रातकिड्यांनी कान भरले होते, जायचं तर हीच वेळ होती. त्यानं भिवराला खूण केली. भिवरा हौसेला घेऊन वेशीकडे चालायला लागली. कोंडाजी मात्र वाट वाकडी करून साळू कुंभारणीपाशी गेला. साळू गर्दीच्या मागं एकटी उभी होती, चिखलानं भरलेले पाय एकमेकांवर घासत.

"साळूवहिनी, ठकीला घेऊन चला आमच्याबरोबर. आत्ता."

"कुठं?"

"वेशीबाहेर. ठिपक्यांकडे."

साळूनं त्याच्याकडे बघितलं. "त्या कस्पटांकडे? भावजी, आत्ताच तर तुम्ही मापलंत. सगळ्यांसमोर."

"ते खोटं होतं. तिकडे दिवे आहेत. मोठे दिवे आहेत, मी बघून आलोय."

"मघाशी भ्यालात म्हणून खोटं बोललात, की आता भ्यालात म्हणून बोलताय?"

कोंडाजीनं मान खाली घातली.

"तुमच्या पोरीची हळद पुसलेली मी बघितली," साळू म्हणाली. "आता माझ्या पोरीला काळोखात नेऊन मारायला सांगताय. म्हणजे तुमच्या जिवाला टोचणी नको. इथं निदान ऊब तरी आहे. निदान लोक मान देतील. जा तुम्ही. हौसेला सांभाळा."

ठकी खांबाच्या पायथ्याशी उभी होती. ती आईकडे बघत नव्हती, वर बघत होती. कोंडाजी एक पाऊल तिच्याकडे गेला, तर अप्पाचे करडे पंख गर्दीतून त्याच्याच दिशेनं वळलेले दिसले. तो माघारी फिरला आणि वेशीकडे निघाला. पळाला नाही, कारण पळणाऱ्याकडे लोक बघतात. पण त्याच्या सहाही पायांना पळायचं होतं.

वेस ओलांडताना कुणी अडवलं नाही. कुणी हाक मारली नाही. वेशीला खरंच कुंपण नव्हतं.

काळोखात तिघं एकमेकांचे पाय धरून चालले. कोंडाजी पुढं, त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून. गारठा पंखांच्या आत शिरत होता. भिवराला धाप लागत होती आणि ती लपवत होती. बाजूनं काहीतरी घसटत गेल्यासारखं वाटे, तिघं थिजून उभी राहत, मग काहीच नसे. कोंडाजीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आक्का जा म्हणाली. इतक्या सहज जा म्हणाली. धरून ठेवायची तिला गरज का वाटली नसावी?

"तिकडे गेल्यावर आपल्याला घर देतील?" भिवरानं विचारलं.

"एवढा मोठा दिवा आहे. फटी खूप असतील."

"आणि पाळी?"

"तिकडे कसली आलीय पाळी," कोंडाजी म्हणाला, आणि आपला आवाज अप्पासारखा निघाला हे त्याचं त्यालाच जाणवलं.

बरंच चालल्यावर भिवराला पुढं जाववेना. एका ढेकळाच्या आडोशाला ती तिघं बसली. वारा पडला होता. रातकिड्यांचा आवाज इथवर पोचत नव्हता. मागं थोरला इतका बारीक झाला होता की हौसेला तो सापडेना.

"आबा, आपला कुठला?"

कोंडाजीनं दाखवला. त्यालाही जरा शोधावा लागला. हौसा आपले पुढचे पाय पोटाखाली घेऊन तिकडेच बघत बसली. भिवरा डोळे मिटून श्वास जमवत होती.

मग हौसा हसली. हळद लागल्यापासून पहिल्यांदाच.

"आबा, बघितलंत का? आपलापण लुकलुकला."

कोंडाजीनं बघितलं होतं. थोरला क्षणभर मिटला होता आणि पुन्हा जसाच्या तसा उघडला होता. एक पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. भिवरानं डोळे उघडले, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि स्वतःच्या तोंडावर पाय दाबून धरला. ठकीचं नाव दोघांपैकी कुणीही घेतलं नाही.

मग कोंडाजी सावकाश फिरला, जिकडे जायचं होतं तिकडे. पांढरा ठिपका समोर होता, थोरल्याच्या कितीतरी पट मोठा, शांत. कोंडाजी त्याच्याकडे बघत राहिला. तो तसाच शांत राहावा म्हणून बघत राहिला. ठिपका लवला. थोरल्याहून जरा जास्त वेळ मिटून राहिला, आणि उघडला. त्याच्या डावीकडचा लवला. मग खालचा एक. मग थेट डोक्यावरचा.

"तो बघा आबा," हौसा एकेका ठिपक्याकडे मिशी रोखत म्हणत होती, "आणि तो. आणि तो पलीकडचा."